लँकेस्टरला निघताय? आधी सुट्टे मोजा

भारतातून आई-बाबा आले की न्यू जर्सीतली मराठी मंडळी त्यांना एकदा तरी पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला नेतात, आमिश लोकांची, म्हणजे वीज-मोटारी टाळून जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाची, गावं आणि दुकानं बघायला. एडिसनहून दोन-अडीच तास. गेल्या जूनमध्ये आम्हीही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो आणि मी माती खाल्ली. आता बहीण जाणार आहे, म्हणून हे लिहून काढतेय.

पाणी, टोपी, चार्जर वगैरे सांगत बसत नाही.

आधी वार. रविवारी जाऊ नका. आमिश दुकानं रविवारी बंद म्हणजे बंद, मागचं दार वाजवून काही मिळत नाही. गुड फ्रायडे, ईस्टरचा सोमवार, २६ डिसेंबर आणि ईस्टरनंतरचा सहावा गुरुवार, म्हणजे असेन्शन डे, हेही धरून चाला. शहरातलं सेंट्रल मार्केट, ती १८८९ सालची विटांची इमारत, मंगळवार, शुक्रवार, शनिवार एवढंच भरतं. शनिवारी रूट ३० वर गाड्यांची रांग लागते. शुक्रवार बरा.

आता सुट्टे. रोख म्हणत नाहीये मी, सुट्टे म्हणतेय. रोख न्यायची हे मलाही माहीत होतं, म्हणून तर मोठ्या ऐटीत बँकेतून शंभराच्या चार नोटा आणल्या होत्या. बर्ड-इन-हँड गावाच्या पुढे एका शेताच्या तोंडाशी टेबल मांडलेलं. त्यावर स्ट्रॉबेरीचे हिरवे पुठ्ठ्याचे डबे, फळं इतकी पिकलेली की पुठ्ठ्याचा तळ लाल झालेला. राखणीला कोणी नाही. एक पत्र्याची पेटी, झाकणाला फट, शेजारी हाताने लिहिलेला भाव: पाच डॉलर. आणि माझ्या हातात शंभराची नोट! सासरे म्हणाले, "घे गं, येताना देऊ." सासूबाईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मी डबा जागेवर ठेवला. पुढच्या बेकरीत सकाळचं पहिलं गिऱ्हाईक मीच. तिथल्या पोरीने गल्ला उघडून दाखवला, त्यात शंभराची मोड नव्हती, आणि कार्डाचं यंत्र तर नव्हतंच. म्हणून आदल्या दिवशीच एकेकच्या वीस आणि पाच-पाचच्या दहा नोटा घेऊन ठेवा. वाटेत एटीएमवर काढू म्हणाल तर ते बहुधा विसाच्याच नोटा देणार. पेटी उरलेले पैसे परत देत नाही.

शाकाहारी माणसं बरोबर असतील तर पाय (इंग्रजीतला pie, पारीत सारण भरून भाजलेला पदार्थ) घेताना विचारा. त्याच्या पारीत बऱ्याचदा लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. माझ्या सासूबाईंना शूफ्लाय पायचा वास घेताच काकवी आठवली. बरोबरच होतं, सारण मोलॅसिसचंच असतं. पण पारीचं विचारल्यावर लार्ड निघालं आणि पाय तिथेच राहिला. ॲपल बटरमध्ये मात्र लोणी नसतं, सफरचंद आटवून आटवून काळपट केलेला तो मुरंबाच. चाऊ-चाऊ म्हणजे भाज्यांचं आंबटगोड लोणचं, तिखटाचा पत्ता नाही. एकच बाटली घ्या. सुट्या किराण्याच्या दुकानात पीठ, ओट्स, मसाले पारदर्शक पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. तिथे तासभर जातोच. वीज नाही, छतातून येणारा उजेड आणि गॅसचे दिवे, त्यामुळे बाबांचा वाचायचा चष्मा न्या.

घासाघीस करू नका. गोधडीवर हजार डॉलर लिहिले असतील तर ते हजारच, हाताचे टाके आहेत ते. हे सासूबाईंना गाडीतच समजावून सांगा.

माणसांचे फोटो काढायचे नाहीत. प्रतिमा करणं त्यांच्या धर्मात बसत नाही, आणि "एकच सेल्फी" म्हणणाऱ्याला मी तरी गाडीत बसवून ठेवीन. घराचे, शेताचे खुशाल काढा. जाता जाता एक गंमत: बाहेरच्या सगळ्यांना ते 'इंग्लिश' म्हणतात, त्यामुळे नऊवारीतल्या आजीही तिथे इंग्लिशच.

घोडागाडी पुढे असेल तर हॉर्न मारू नका, घोडा बुजतो. अंतर ठेवा, समोरचा रस्ता मोकळा दिसला की मगच पुढे काढा. रस्त्यावर लीद असते, जुने बूट घाला. इंटरकोर्स नावाचं गाव लागेल, मुलांना काय हसायचं ते आधीच हसून घेऊ द्या.

लोणी-चीजसाठी बर्फाची पेटी. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. टपऱ्यांवर टॉयलेट नसतं, वाटेत उरका. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात, पाचच्या आत सगळं घ्या.

आणि सुट्टे पर्समध्ये नको, गाडीच्या पुढच्या खणात ठेवा. पर्समधले टोलनाक्याआधी कॉफीतच संपतात.