तरुण वयातला लिव्हरचा दुर्मीळ कॅन्सर: या चुका टाळा

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांचं पोट बिघडलं की दोष मेसच्या जेवणाला लागतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण उजव्या बरगडीखाली जडपणा, दोन घासांत पोट भरणं, वजन उतरणं असं काही आठवडे चाललं, तर अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस ढकलू नका, सोनोग्राफी करा.

फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा हा लिव्हरचा दुर्मीळ कॅन्सर साधारण 10 ते 35 या वयात दिसतो. दारू नाही, हिपॅटायटिस नाही, सिरॉसिस नाही, त्यामुळे कॅन्सरची शंकाच येत नाही. त्यात एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ततपासणी) नॉर्मल आलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. या आजारात एएफपी बहुधा नॉर्मलच असतं, हे कृपा करून लक्षात ठेवा.

खरी गफलत स्कॅनवर होते. या गाठीच्या मध्यभागी वण दिसतो, तसाच एफएनएच नावाच्या निरुपद्रवी गाठीतही दिसतो. एमआरआयच्या टी-2 चित्रात एफएनएचचा वण बहुधा पांढरा उजळतो, फायब्रोलॅमेलरचा काळा राहतो. ओपीडीत वडील पिशवीतून जाडजूड फाइल काढतात, बिलंसुद्धा तारखेनुसार लावलेली असतात, पण स्कॅनची सीडी घरी राहिलेली असते. छापील दोन ओळींवरून वणाचा रंग कसा कळणार? सीडी आणाच. तरी शंका उरली तर बायोप्सी. 2014 मध्ये या कॅन्सरच्या गाठींत सापडलेला डीएनएजेबी1-पीआरकेएसीए हा जनुकांचा जोड तपासला की निदानाला मोठा आधार मिळतो.

‘गाठ 12 सेंटिमीटरची, आता काय उपयोग?’ असं म्हणून ऑपरेशन नाकारू नका. बाकी लिव्हर निरोगी असल्याने मोठा भाग काढता येतो. पाव हिस्सा चांगला उरला तरी सहसा भागतं आणि तो पुढे वाढतो. किती उरेल हे आधी सीटीवर मोजतात. कमी पडणार असेल तर गाठीच्या बाजूची पोर्टल व्हेनची (लिव्हरला रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेची) फांदी बंद करून दुसरी बाजू वाढवून घेतात. जवळचे लिम्फ नोडही (लसीका ग्रंथी) काढायला हवेत, आजार तिथे वरचेवर पोहोचतो.

टाके सुकले, हिंजवडीची नोकरी सुरू झाली, की स्कॅन चुकू लागतात. हा आजार बऱ्याचदा परततो. वेळेत दिसला तर पुन्हा ऑपरेशनही होऊ शकतं.

आणि आजार असताना मुलगा अचानक असंबद्ध बोलू लागला, तर टेन्शन समजू नका. लिव्हरचे रिपोर्ट चांगले असले तरी या आजारात रक्तातला अमोनिया वाढून असं होऊ शकतं, तो त्याच दिवशी तपासा.