छायाचित्रातला खंड्या गोधडीवर उतरवताना

खंड्याच्या छायाचित्रावरून चित्र-गोधडी करायची असेल, तर कापड निवडण्याआधी छायाचित्र मोबाइलवर कृष्णधवल करून पाहावे, कारण निळे पंख, तपकिरी डोके आणि तांबडी चोच एरवी कितीही वेगळी दिसली, तरी छटा सारख्याच गडद निवडल्या गेल्या की लांबून सगळा पक्षी एकच डाग वाटतो. निवडलेल्या चिंध्याही तशाच पडताळाव्यात. इस्त्रीने कापडाच्या मागच्या बाजूला चिकटणाऱ्या कागदावर आकृती उलटी गिरवावी, नाहीतर उजवीकडे पाहणारा खंड्या डावीकडे तोंड करून बसेल. दुसऱ्याखाली जाणाऱ्या तुकड्याला अर्धा सेंटिमीटर कापड जास्त ठेवावे, म्हणजे सांध्यात फट राहत नाही. डोळा सर्वांत शेवटी करावा: काळ्या साटिनवर पांढऱ्या दोऱ्याचा एकच टाका, तोही छायाचित्रात उजेड चमकतो तिथेच.