ल्यूटची टॅब संगणकावर उतरवायची तर

पुण्यातला माझा भाचा गिटार वाजवतो. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर त्याने माझ्या स्टँडवरचा कागद पाहिला आणि विचारलं, "मावशी, हे मोडीत लिहिलंय का?" पोरगं अगदीच चुकलं नव्हतं. इंग्रज संगीतकार जॉन डाउलंडचं गाण्यांचं पहिलं पुस्तक १५९७ साली लंडनला छापलं गेलं, त्यातल्या एका पानाची ती प्रत होती. सहा आडव्या रेघा, त्यांच्या आधाराने लटकलेली वळणदार रोमन अक्षरं, आणि त्यातला सी असा काढलेला की नवख्याने आर वाचावा. ई आणि सी यांची गल्लत होऊ नये म्हणून ती खोड.

त्याला समजावता समजावता जे निघालं ते इथे लिहिते आहे. मी ब्रेमेनला राहते, दिवसभर मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब बघते आणि सहा वर्षं ल्यूट, म्हणजे गिटारसारखं जुनं युरोपीय तंतुवाद्य, शिकते. त्याआधी मिरजेला सतार. त्यामुळे पडद्यांशी जुनी ओळख होती. सतारीचे पडदे धातूचे आणि दोऱ्याने बांधलेले, ल्यूटचा पडदा म्हणजे दांडीभोवती गाठ मारलेली तातच. सरकतात दोन्ही.

आधी वाचायला शिका. टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचं ते लिहिलेलं असतं, कुठला स्वर निघेल ते तारेवर सोडलेलं. फ्रेंच पद्धतीत वरची रेघ म्हणजे सगळ्यात बारीक तार. ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी दुसरा, असं पुढे. आयनंतर थेट के येतो, कारण तेव्हा आय आणि जे हे एकच अक्षर होतं. एकेक रेघ म्हणजे बहुतेक वेळा तारांची जोडी, तिला कोर्स म्हणतात. मी इथे सरळ तारच म्हणते. रेघांच्या वर तालाचे झेंडे असतात आणि एक झेंडा पुढचा येईपर्यंत लागू राहतो. इटालियन पद्धतीत अक्षरांऐवजी आकडे आणि सगळं उलटं: वरची रेघ जाड तारेची. व्हेनिसच्या पेत्रुची या छापखानेवाल्याने १५०७ मध्ये ल्यूटची पहिली छापील टॅब काढली ती याच पद्धतीची. पहिल्यांदा वाचताना डोकं फिरतं, पण वाद्य मांडीवर घेऊन खाली बघा: जाड तारच वर दिसते.

ल्यूट नसेल तर गिटारची तिसरी तार अर्धा स्वर उतरवून एफ शार्प करा. तारांमधली अंतरं सहा तारांच्या रेनेसान्स ल्यूटसारखी होतात. तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावलात की वरची तार 'जी' स्वरावर येते, म्हणजे मूळ पट्टीही मिळते.

आता सॉफ्टवेअर. पुढे मुख्य चार सांगते. सगळी फुकट आहेत, म्हणून लोक चारही उतरवून बसतात आणि एकातही पान पुरं होत नाही. निवडायच्या आधी एवढंच ठरवा: तुमच्या हातात जुनी टॅब आहे की स्वरलेखन? 'जी' ट्यूनिंगच्या ल्यूटवर पहिली तार मोकळी छेडली की जो 'जी' स्वर वाजतो, तोच 'जी' दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावरही मिळतो. जुन्या वादकाने तिथे एफ, म्हणजे पाचवा पडदा, लिहिला असेल तर त्याला कारण असतं. बहुधा पहिली तार त्याला पुढच्या स्वरासाठी हवी असते. तुम्ही तो नुसता 'जी' म्हणून टाइप केलात आणि बोट कुठे ठेवायचं ते यंत्रावर सोडलंत, तर यंत्र मोकळी तार धरतं. पान दिसायला नीट, वाजवायला गेलं की हात अडकतो. टॅबवरून उतरवायचं असेल तर टॅबच आत घेणारं साधन वापरा, या बाबतीत माझा हट्ट आहे.

असं सगळ्यात साधं साधन म्हणजे वेन क्रिप्स यांचा 'टॅब' हा प्रोग्रॅम. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एक ओळ म्हणजे एक आघात. ओळीतलं पहिलं घर तालाचं, पुढची सहा घरं सहा तारांची, बारीक तारेपासून सुरुवात. समजा सी मेजरचा साधा कॉर्ड हवाय आणि त्यावर एक झेंडा आहे. ओळीत आधी आकडा १, मग न थांबता ए, सी, डी, सी, ए. सहावी तार वाजायची नाही, तिथे काहीच लिहायचं नाही. लगेच पुढे फक्त तिसरी तार मोकळी वाजायची, ताल तोच: एक्स, दोन स्पेस, ए. एक्स म्हणजे नवा झेंडा नाही. पहिल्या घरात नुसता बी लिहिला की बारची उभी रेघ, ई लिहिला की फाइल संपली. म्हणजे पहिल्या घरातला बी वेगळा आणि नंतरच्या घरातला बी, म्हणजे पहिला पडदा, वेगळा. पहिल्या आठवड्यात मी यात तीनदा तोंडघशी पडले. सवय झाली की मात्र डावा हात जुन्या पानावर, उजवा कीबोर्डवर, आणि पान सरसर उतरतं.

एक जपा. यात स्पेसला किंमत आहे. क्लासमधल्या एकीला मी फाइल जोडून पाठवायच्या ऐवजी मजकूर मेलमध्येच चिकटवला. मेलने दोन-दोन, तीन-तीन स्पेसची एकेक करून टाकली आणि तिच्याकडे खालचा सगळा बेस वरच्या तारांवर चढून बसला. तिने तो तसाच वाजवून आणला होता, बिचारीने! तेव्हा फाइल जोडूनच पाठवा, आणि लिहिताना साधा टेक्स्ट एडिटर वापरा, ज्यात प्रत्येक अक्षराची रुंदी सारखी असेल. प्रोग्रॅममधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची फाइल) निघतं, घोस्टस्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्याची पीडीएफ करायची.

गायकाची ओळ आणि खाली टॅब असं एकत्र हवं असेल तर 'एबीसीटॅबटूपीएस' बघा, क्रिस्टोफ डालिट्झ यांचं. हेही मजकुरावर चालतं, पण रिकाम्या तारेसाठी स्वल्पविराम असतो, त्यामुळे वरची भानगड उद्भवत नाही. जर्मन टॅबही यात निघते. त्या पद्धतीत प्रत्येक तारेच्या प्रत्येक पडद्याला स्वतंत्र चिन्ह असतं. मी एकदाच नादाला लागले.

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायचं म्हटलं की पोटात गोळा येत असेल तर बटणांवर चालणारा म्यूझस्कोर. भाच्याला मी हेच दिलं. नवी फाइल करताना वाद्य ल्यूट घ्या, मग स्टाफच्या गुणधर्मांत जाऊन फ्रेंच किंवा इटालियन टॅबचा प्रकार निवडा. तिथेच तारांची माहिती बदलता येते, ती आधी तपासा: वरून खाली जी, डी, ए, एफ, सी, जी. हे राहिलं तर पुढचं सगळं बेसूर वाजेल आणि दोष तुम्ही स्वतःच्या कानाला द्याल. लिहिताना वर-खाली बाणांनी तार बदला, आकड्याने पडदा टाका. शून्य दाबलं की कागदावर ए उमटतो. तालाच्या चिन्हांसाठी 'पुन्हा केव्हा दाखवायचं' अशी एक निवड असते. ती 'नव्या ओळीवर' ठेवा. प्रत्येक स्वरावर झेंडा लावलेलं पान मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसतं.

चौथं साधन लिलिपॉन्ड. त्याची छपाई सुबक असते हे कबूल, पण ते मुळात स्वर विचारतं आणि बोट स्वतः ठरवतं. प्रत्येक शंकास्पद स्वराला तारेचा आकडा हाताने द्यावा लागतो. पडद्यांच्या नावांची यादी मात्र स्वतः देता येते, तीत सीच्या जागी आर टाकला की जुन्या छापाचा भास होतो. सातव्या तारेपासून खालच्या जादा बेस तारांसाठीही वेगळी सोय आहे. तुमच्याकडे आधीच स्वरलेखन असेल तर खुशाल याच वाटेने जा. कोणी दुसऱ्याच सॉफ्टवेअरची फाइल पाठवली तर 'ल्यूटकन्व्ह' नावाचं छोटं साधन बऱ्याच प्रकारांतून दुसऱ्यात बदलून देतं. बदलल्यावर सगळं मूळ पानाशी ताडून बघा, बेस तारा तर नक्कीच.

तपासणी डोळ्यांनी होत नाही. सी आणि ई डोळ्याला सारखेच दिसतात, तुम्ही लिहिलेलं तर जास्तच. म्यूझस्कोरला वाजवायला सांगा आणि डोळे मिटून ऐका, चुकलेला पडदा लगेच टोचतो. मात्र तार चुकली आणि स्वर बरोबर असला तर कान काही बोलणार नाही. वर सांगितलेला जी तसाच निसटतो. त्यासाठी वाद्य घेऊन धिम्या लयीत एकदा वाजवाच.

छापताना ए-४ वर सहा ओळी, फार तर सात. ल्यूटवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, पान उलटायला तिसरा नाही. म्हणून दोन पानांचा तुकडा समोरासमोर येईल असा बसवा. डाउलंडच्या त्या पुस्तकातही गाणं समोरासमोरच्या दोन पानांत मावतं, आणि काही आवाजांच्या ओळी आडव्या-उलट्या छापलेल्या आहेत, म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला आपापली ओळ सरळ दिसावी. एक पुस्तक, चार माणसं. आपल्याला तेवढं नको, एका ओळीने उतू गेलं तर ओळींमधली जागा थोडी कमी करा. अक्षरं बारीक करू नका, संध्याकाळच्या दिव्यात त्याचा पश्चात्ताप होतो.

आणि गिटारची तिसरी तार परत जीवर चढवा. भाचा विसरला आणि दुसऱ्या दिवशी बँडच्या तालमीला तसाच गेला.