भिंत वरून बघायची: दगडी बांधकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिप्लोमाच्या तीन वर्षांत दगडी बांधकामाच्या वाट्याला आले ते दोन तास आणि चार आकृत्या. एक अनघड डबराची, एक थरातली, एक घडीव, चौथी आता आठवतही नाही. बाकी सगळं आरसीसी. त्यामुळे पहिल्याच नोकरीत भोरकडच्या डोंगरात संरक्षक भिंतीच्या साईटवर पाठवलं तेव्हा मी खूश झाले. सळया मोजायला नकोत, शटरिंगची कटकट नको. दगडावर दगड ठेवायचा, त्यात काय एवढं?

एप्रिल-मे मध्ये भिंत उभी राहिली. दिसायला देखणी होती. दर्जा, म्हणजे दगडांमधले बाहेरून दिसणारे सांधे, भरून झाल्या, फोटो काढले, मोजमाप पुस्तकात माझी सही झाली. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भिंतीला पोट सुटलं. ओळंबा लावला तर मधला भाग चार बोटं बाहेर. आठ-दहा दिवसांत तेवढा तुकडा रस्त्यावर आला.

ढिगारा उपसताना जे दिसलं ते मी आजही नव्या मुलांना सांगते. ती एक भिंत नव्हतीच. पुढे एक पातळ भिंत, मागे एक पातळ भिंत आणि मधे कपच्या, मुरूम, थोडाफार मसाला, म्हणजे दगड जोडणारं मिश्रण. दोघींना एकमेकींशी बांधणारा एकही दगड नाही. पाणी निघायला नळ्या होत्या, पण त्यांच्या मागे दगडगोट्यांची गाळणी न घालता थेट माती लोटलेली, म्हणून नळ्या पहिल्याच पावसात बुजल्या. मागून पाण्याचा रेटा आला तशी पुढची भिंत मागचीला सोडून निघाली. मी रोज साईटवर होते. रोज रस्त्यावर उभी राहून समोरून भिंत बघत होते.

नव्याने बांधायला आलेले मिस्त्री साठीच्या पुढचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "म्याडम, समोरून काय बघताय? भिंत वरून बघायची असती. वर चढा." चढले. चालू थराच्या वर उभं राहिलं की भिंतीचं पोट दिसतं: दगडाची शेपटी आत किती गेलीय, मधल्या पोकळीत मसाल्यात ठोकून बसवलेले दगड आहेत की नुसती भरती, खालच्या थराचा सांधा वरच्या दगडाने मोडलाय की उभी रेघ तशीच वर चाललीय. शंका आली तर बादलीभर पाणी ओता. झटकन गायब झालं तर आत पोकळी आहे. हे सगळं फक्त बांधताना दिसतं. दर्जा भरल्या की चांगली भिंत आणि वाईट भिंत सारखीच दिसते.

आता हेडरचं. भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा आरपार दगड म्हणजे हेडर. कमी ताकदीच्या बांधकामासाठी भूकंपाच्या दृष्टीने केलेलं भारतीय मानक आहे, आयएस १३८२८. त्यात हे दगड उंचीत दर ६० सेंमीला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर हवेत असं सांगितलंय. मग लोक ते गाळतात का? हिशेब करून बघा. ६० सेंमी लांब आणि २० बाय २० सेंमी जाडीचा काळा पाषाण ६५ ते ७० किलो भरतो. आधी तेवढा लांब दगड ढिगात शोधा, मग दोघांनी उचला, मग बसवा. मजुरी ब्रासवर, म्हणजे कामाच्या मापावर, ठरलेली असते, हेडरवर नाही. तेवढ्या वेळात छोट्या दगडांनी बराच थर पुढे सरकतो. म्हणून खाणीवरून माल मागवतानाच लांब दगड वेगळे सांगायचे, त्यांचा चट्टा, म्हणजे रचलेला ढीग, वेगळा लावायचा आणि मजुरी ठरवताना त्यांचे वेगळे पैसे बोलायचे. दगडच मिळत नसेल तर काँक्रीटचे आरपार तुकडे ओतून घ्या, चालतात. आणि बसवलेल्या प्रत्येक हेडरच्या तोंडावर लाल रंगाची खूण. ही पद्धत मला त्या मिस्त्रींनी लावली. दूरवरून ठिपके मोजले की कुठे राहिलंय ते कळतं.

हा हट्ट किती गंभीर आहे ते ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात दिसलं. तिथल्या घरांच्या भिंती जाड होत्या, दोन फुटांच्या वर. पण मातीत बसवलेले गोलसर दगड, दोन पडद्यांमधे भरती, आरपार दगड नाहीत आणि वर माळवदावर, म्हणजे सपाट छपरावर, मातीचा जाड थर. पहाटे चारच्या सुमाराला धक्का बसला आणि दोन्ही पडदे सुटे होऊन कोसळले, वरून माळवद आलं. हजारो माणसं झोपेत गेली. 'दगडी घर म्हणजे भक्कम' असं कुणी म्हटलं की मी आधी भिंत कशी बांधलीय ते विचारते.

दगड निवडायचा कसा? घाटावर प्रश्न सोपा, कारण पर्याय एकच: बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. पण सगळा काळा दगड एक नाही. हातोडी मारा. खणखणीत वाजला तर घ्या, बद्द वाजला तर आत भेग आहे किंवा दगड कुजलाय. ताजा फोडलेला पृष्ठभाग बघा. निळसर काळा, बारीक कणांचा हवा. पांढरे मणी, हिरवट डाग, भोकं भोकं दिसली तर तो विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो दगड. हा ऊन-पावसात पापुद्रे सोडतो. घरगुती परीक्षा म्हणजे कोरडा तुकडा वजन करायचा, २४ तास पाण्यात ठेवायचा, पुसून परत वजन. वाढ ५ टक्क्यांच्या वर गेली तर ट्रक परत. चांगला पाषाण याच्या पुष्कळ खाली राहतो. माझ्याकडे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो, त्यावर साईटवर हसतात, हसू देत.

माल मोजताना डोळे उघडे ठेवा. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, पण चट्टा लावणारा हुशार असेल तर आतून घरटं करतो, म्हणजे पोकळ ठेवतो. मधला एखादा दगड काढायला लावा, काय ते समजतं.

कोकणात गेले तेव्हा हे सगळं ज्ञान अर्धं निकामी झालं. तिथे चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, सगळीकडे तांबडा जांभा. १८०७ साली फ्रान्सिस बुकाननने केरळातल्या अंगडीपुरमच्या दगडावरून याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये लॅटर म्हणजे वीट, आणि नाव अगदी चपखल आहे. जमिनीतून काढताना चिरा इतका मऊ की विटेसारखा कापता येतो, मग वाऱ्या-उन्हात कडक होतो. म्हणून खाणीतून आज काढून उद्या बांधायचा नाही, आधी सुकू द्यायचा. पावसात खाणी पाण्याने भरतात, तेव्हा लागणारा माल आधीच आणून ठेवलेला बरा.

चिऱ्याला पाषाणाच्या मापाने मोजू नका. मानकात त्याला किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद पुरे धरलीय आणि पाणी १२ टक्क्यांपर्यंत पितो हेही मान्य केलंय. बैठ्या किंवा एकमजली घराला तेवढं बस्स. बघायचं ते वेगळं: पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे असलेला चिरा बाजूला काढा, माती धुपून भोक पडतं. लावण्याआधी चिरा भिजवा, नाहीतर मसाल्यातलं पाणी तोच पिऊन टाकतो आणि सांधा भुसभुशीत होतो. यंत्राने कापलेल्याचे सांधे बारीक बसतात, हाताने तासलेल्याला मसाला जास्त खपतो. अंदाजपत्रकात हा फरक मी एकदा विसरले होते. आणि पागोळी भिंतीपासून लांब पडेल इतकं छप्पर पुढे काढा. जुन्या घरांना चारी बाजूंनी पडवी उगाच नव्हती. कुंपणाला मात्र चुना-सिमेंट काही नको, गडगा घाला, म्हणजे नुसते दगड रचा. तो फुगला तर दुपारभरात परत रचता येतो.

क्लॅडिंगबद्दल, म्हणजे भिंतीला वरून दगड लावण्याबद्दल, थोडक्यात. प्लास्टरवर चिकटवलेली दगडाची चिप ही भिंत नव्हे, कपडा आहे. उंचावर जड पाट्या लावायच्या तर स्टीलच्या क्लिपांचा आग्रह धरा, नुसत्या चिकटद्रव्यावर सोडू नका.

काम मिळतं का, असं विचारतात. मिळतं. रस्त्यांच्या भिंती आहेत, दगडी घरं बांधणारे आर्किटेक्ट आहेत आणि किल्ल्यांची डागडुजी आहे. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. त्या कामाला सिमेंटवाला चालत नाही, चुना कळणारा लागतो. नोकरी लागण्याआधी पंधरा दिवस एखाद्या पाथरवटाकडे बसा आणि टाकी, म्हणजे दगड घडवायची छिन्नी, हातात घ्या. दगड कुठल्या रेषेने फुटतो ते मनगटाला कळल्याशिवाय गवंड्याशी वाद घालायला तोंड उरत नाही. गॉगल घालून बसा, कपची डोळ्यातच जाते.

साईटला जाताना ओळंबा, हातोडी, टेप आणि काटा. लाल रंगाचा डबा स्वतःचा न्या. साईटवरचा नेमका संपलेला असतो.