स्वस्त मॅग्नेटिक स्टँडची दुरुस्ती: शॉपमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डायल (काट्याने बारीक माप दाखवणारे घड्याळ) धरणारा स्वस्त मॅग्नेटिक स्टँड बिघडला की पहिला संशय चुंबकावर जातो. चुंबक बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बिघाड असतो तो सांध्यांमध्ये. त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी नेमका कोणता सांधा दगा देतोय ते शोधा.

बेस, म्हणजे चुंबकाचा खालचा ठोकळा, सरफेस प्लेटवर (अचूक सपाट लादीवर) किंवा मशीनच्या स्वच्छ बेडवर ठेवा, चुंबक ऑन करा आणि ०.०१ मिमीच्या डायलचे टोक अर्धा मिलिमीटर दाबून त्याच प्लेटवर टेकवा. काटा शून्यावर आणा, पण चुंबक ऑन केल्यानंतरच, कारण बेसचा नॉब फिरवताना काटा थोडा सरकतोच. आता एकेका सांध्याजवळ बोटाने हलके ढकला आणि सोडून द्या, आधी एका बाजूने, मग उलट बाजूने. ढकलताना काटा हलणारच. दांडी म्हटली की ती लवते. पाहायचे ते एवढेच की सोडल्यावर तो शून्यावर येतो की नाही. दोन्ही बाजूंनी ढकलल्यावर दोन वेगळ्या ठिकाणी थांबत असेल, तर कुठला तरी सांधा सरकतोय. दुसरी डायल असेल तर ती संशयित सांध्यावर लावली की लगेच कळते.

काटा दरवेळी परत येतो, पण हलतो फार, असे असेल तर दुरुस्तीची गरज नाही, दांडी आखूड करा. त्याच जोरात लांबी दुप्पट केली की लवणे आठपट होते. जाडीचा फरकही मोठा: १० मिमीच्या दांडीपेक्षा १२ मिमीची दांडी जवळजवळ निम्मीच लवते.

सर्वांत दुर्लक्षित सांधा म्हणजे उभी दांडी बेसमध्ये बसते ती जागा. बहुतेक स्टँडमध्ये तिथे एम८ चे (८ मिमी व्यासाचे) आटे असतात. दांडी पकडून धरतो तो तिचा खांदा, म्हणजे आट्यांच्या वरची रुंद कडा, आटे फक्त तो खाली ओढतात. भोकाच्या तोंडाशी पहिला आटा वर उचललेला असला की खांदा एकाच बाजूला टेकतो आणि कितीही आवळले तरी दांडी डुलते. भोकाचे तोंड काउंटरसिंकने आट्यापेक्षा किंचित मोठे करा, वरची बर (धातूची उचललेली धारदार कड) तेलाच्या दगडाने काढा. लेथ हाताशी असेल तर खांदा एक हलका कट मारून सरळ करा आणि मधला भाग थोडा खोल घ्या, म्हणजे फक्त बाहेरची कडा टेकेल. आटे भोकाच्या तळाला तर टेकत नाहीत ना, हेही बघा. टेकत असतील तर दांडीचे आटे एक-दोन मिलिमीटर कापा; भोक खोल करायला जाऊ नका, खाली चुंबकाची पोकळी असू शकते. आटे झिजलेच असतील तर ८.५ मिमी ड्रिल मारून एम१० × १.५ चा टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवता येतो, पण मग दांडीही तशी करावी लागते.

आता दांड्या एकमेकींना जोडणारे क्लॅम्प, म्हणजे खरा त्रास. स्वस्त क्लॅम्प झिंकच्या ओतकामाचे असतात, त्यांचे भोक दांडीपेक्षा सैल असते. फट असलेल्या क्लॅम्पमध्ये बोल्ट आवळत गेलो की फटीचे दोन्ही ओठ एकमेकांना टेकतात. त्यापुढचा सगळा जोर ओठांवर जातो, दांडीवर काहीच पडत नाही. नवशिका आणखी आवळतो आणि आटे उडवतो. आवळल्यावर फट निदान अर्धा मिलिमीटर उघडी दिसली पाहिजे. नसेल तर हॅक्सॉचे दोन ब्लेड एकत्र लावून फट रुंद करा, भोकाच्या आतली बर गोल कानशीने काढा. स्क्रू ड्रायव्हर घालून फट फाकवू नका. झिंकचे ओतकाम वाकत नाही, तडकते. भोक फारच सैल असेल तर दांडीभोवती पितळेच्या पातळ पत्र्याचा एकच वेढा द्या, त्याची दोन टोके फटीजवळ सुटी ठेवा. दांडीला तेल लागलेले असेल तर हे सगळे करूनही ती घसरेल, म्हणून आधी पुसा. ज्या क्लॅम्पमध्ये नॉब दांडीला आत ओढतो, तिथे नॉब आट्यांच्या शेवटाला टेकल्यामुळे पकड सुटते. नॉबखाली एक मिलिमीटरचे वॉशर घातले की काम झाले.

डायल जिथे पकडली जाते त्या ८ मिमीच्या भोकात स्क्रूचे टोक थेट डायलच्या नळीवर येत असेल, तर ती रचनाच बाद समजा. नळी चेपते, आतला स्पिंडल (टोकाची सरकणारी काडी) अडकतो आणि दोष डायलच्या माथी येतो. पितळेची छोटी बुश (नळीवर बसणारी बाही) बनवा: ८ मिमी रीमर (भोक अचूक मापाचे करणारे हत्यार) फिरवलेले भोक आणि बाजूला एक उभा काप. स्क्रू बुशवर आवळला की ती नळीला सगळीकडून सारखी धरते. पकड इतकीच हवी की डायल हाताने फिरू नये आणि स्पिंडल मात्र मोकळा राहावा.

बारीक ॲडजस्टमेंटच्या स्क्रूचे टोक ज्या जागी टेकते तिथे खड्डा पडतो. मग काटा उड्या मारतो. टोक कानशीने गोल करून दगडाने गुळगुळीत करा, खड्ड्यात ३ मिमीची बेअरिंगची गोळी ग्रीस लावून बसवा. शेवटचा आकडा नेहमी स्क्रू आत ढकलत लावा.

मधल्या एकाच नॉबने तिन्ही सांधे जखडणारा स्टँडचा हात मात्र सहसा उघडू नये. आतल्या दांड्या झिजल्या तर त्या मापाने पुन्हा बनवणे किचकट असते.

राहिला बेस. दोन लोखंडी भागांच्या मध्ये पितळेची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी आणि आत फिरणारा चुंबक, एवढीच त्याची रचना. तळाखाली अडकलेला कीस पकड झपाट्याने घटवतो, कारण हवेची बारीकशी फटही चुंबकाला जड जाते. चुंबक ऑफ करा आणि कीस चिकटपट्टीने उचला. फडक्याने तो नुसता पसरतो. तळ डुलत असेल तर सपाट काचेवर ४०० आणि मग ६०० नंबरचा पेपर ठेवून बेस इंग्रजी आठच्या आकारात फिरवा, आधी तळावर मार्करने रेघा ओढा म्हणजे उंच जागा दिसतील. नॉब जड लागतो म्हणून बेस उघडण्याआधी तो जाड लोखंडावर ठेवून फिरवून बघा. हवेत धरून ऑन करताना तो जड लागणारच. पकडही जाड, रंग नसलेल्या लोखंडावरच तपासा, पातळ पत्र्यावर चांगला बेसही कमकुवत भासतो. उघडावाच लागला तर चुंबक जपा: फेराइट ठिसूळ असतो आणि एकदा कीस चिकटला की तो पुसून काढता काढता नाकी नऊ येतात.

फटीच्या तळाशी तडा गेलेला क्लॅम्प चिकटवत बसू नका. त्या जागी लोखंडाचा चौकोनी तुकडा, दांडीच्या मापाचे भोक, एक काप आणि एम६ चा बोल्ट, एवढ्यात मूळ भागापेक्षा पक्का क्लॅम्प तयार होतो.