घटस्थापना ते त्रिपुरी: कोल्हापूरला येण्याआधीची तयारी

बॅग नंतर भरा, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा. आश्विन-कार्तिकातलं कोल्हापूर तिथीवर चालतं आणि बाहेरून येणारे पाव्हणे येतात शनिवार-रविवार बघून. मग रंकाळा बघितला, अंबाबाईचं दर्शन घेतलं, तांबडा-पांढरा ओरपला आणि गेले, असं होतं. त्यात वाईट काही नाही, पण ते मे महिन्यातही जमतं. घटस्थापनेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत या गावात ज्या गोष्टी होतात त्या त्या दिवशीच होतात, आणि बहुतेक तर त्या दिवशीच्या एखाद-दोन तासांत. तेव्हा कुठं जायचं याआधी कधी जायचं ते ठरवा.

कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करा. आश्विन शुद्ध पंचमी म्हणजे ललिता पंचमी. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोली देवीच्या भेटीला जाते आणि तिथं कोहळा फोडतात. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेला निघते, तेव्हा वाटेवर रांगोळ्या असतात. विजयादशमीला सूर्यास्ताच्या सुमाराला दसरा चौकात शमीपूजन आणि सोनं लुटणं. मग कोजागिरी, दिवाळी पाडवा आणि त्रिपुरी पौर्णिमा. एकच गोष्ट या यादीत बसत नाही, ती म्हणजे अंबाबाईचा किरणोत्सव, मावळतीची किरणं थेट देवीच्या मूर्तीवर पडतात तो. तो सूर्याचा कारभार असल्यामुळं इंग्रजी तारखेनं चालतो: ९, १० आणि ११ नोव्हेंबर. (दुसरा जानेवारीअखेरीस, पण तो आपल्या हंगामाबाहेरचा.) सगळं एका फेरीत साधत नाही. त्यातल्या दोन गोष्टी धरा आणि बाकीचं त्यांच्या अवतीभोवती बसवा. मला निवडायला सांगाल तर मी पाडवा आणि त्रिपुरी निवडीन. दसरा मोठा सोहळा आहे खरा. राजघराण्यातली मंडळी जुन्या मेबॅक गाडीतून येतात, चौक माणसांनी फुलून जातो. पण मागं उभं राहिलात तर पुढच्याच्या वर धरलेल्या मोबाईलशिवाय काही दिसत नाही. जायचंच असेल तर दुपारी चारच्या आत जागा धरा आणि गाडी चौकाच्या आसपास आणूच नका.

कपड्यांचं म्हणाल तर दोन ऋतूंचे घ्या. ऑक्टोबरच्या दुपारी घामाच्या धारा लागतात आणि दिवाळी सरली की पहाटे अंगावर शिरशिरी येते. परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, तेव्हा दिवाळीपर्यंत छत्री सोडू नका. एक हातरुमाल जादा ठेवा. तो उन्हासाठी नाही, मिसळीसाठी. कट खरा असेल तर नाक वाहणारच. इथं मिसळीबरोबर बहुतेक ठिकाणी पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस येतात, त्यावरून मालकाशी वाद घालू नका. मिसळ सकाळचीच. दुपारी एकनंतर चांगल्या ठिकाणचा कट संपलेला असतो आणि जिथं संपलेला नसतो तिथं जाण्यात अर्थ नाही. नवरात्रात येणार असाल तर मटणाची आशा थोडी आवरा. घरोघरी उपवास असतात. दसरा झाला की मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा बघूनच कळेल, गावानं किती दम धरला होता ते.

पायांत काय घालायचं यावर जरा विचार करा. देवळं बरीच होणार, म्हणजे चटकन निघेल असं काहीतरी हवं. पण मसाई पठारावर जायचं असेल तर बूटच लागतील, कारण पाऊस थांबला तरी तिथली जमीन बरेच दिवस ओल धरून असते. पन्हाळ्याच्या पलीकडचं हे पठार सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीनं पिवळंधमक होतं. पन्हाळ्याहून विशाळगडाकडं जाणारी जुनी वाटही याच पठारावरून जाते. नवरात्राच्या आधी किंवा फार तर नवरात्रात जा. कार्तिकात उरतं ते वाळलेलं गवत आणि वारा. मळलेली पाऊलवाट सोडून फुलांत शिरू नका आणि फोटोसाठी लोळू तर अजिबात नका. पन्हाळा त्याच दिवशी होतो. सज्जा कोठी, तीन दरवाजा, अंबारखाना आणि भूक लागली की झुणका-भाकर. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव गेल्यापासून गडाचं अप्रूप वाढलं आहे, तेव्हा सकाळी लवकर चढलेलं बरं.

कोल्हापुरी चप्पल घ्यायची असेल तर पहिल्या दिवशी घ्या, पण घालून हिंडू नका. नवी चप्पल पाय चावते आणि ओल्या रस्त्यावर कातडं खराब होतं. घरी नेऊन तेल लावा, रोज थोडा वेळ घाला, मग ती पायाची होते.

दुपारचे तास कुठं घालवायचे हा या दिवसांतला खरा प्रश्न. टाऊन हॉलच्या बागेत जा. झाडांची दाट सावली आहे आणि आतल्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, याचा विचार करत पंख्याखाली उभं राहायला बरं वाटतं. सोमवारी ते बंद असतं. न्यू पॅलेसमध्ये मोबाईल खिशातच ठेवा, आत फोटो काढू देत नाहीत. खासबाग मैदान दहा मिनिटांत बघून होतं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेल्या या आखाड्यात कुस्ती नसतानाही कठड्यावर बसून खाली लाल मातीकडं बघण्यात एक मजा आहे. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ च्या आगीत जळालं. ते बघून कोल्हापूरकर गप्प होतो, त्याला फार प्रश्न विचारू नका. तिथंच भेळ खा.

आता पाडवा. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी आपल्या म्हशी रस्त्यावर आणतात, आणि हे बघितल्याशिवाय या गावाचा नाद कळत नाही. म्हशी आधी घासूनपुसून काळ्याभोर केलेल्या असतात, शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात तोडे. मालक मोटारसायकलवर. सायलेन्सर काढून टाकलेला, त्यामुळं कानठळ्या बसतात. तो हाळी देतो, गाडी सुटते आणि ती एवढी थोरली म्हैस त्याच्या मागं धावत सुटते. ना दोरी, ना काठी. कुणाची म्हैस मालकाला किती ओळखते, याची ही परीक्षा. शनिवार पेठ, सागरमाळ, कसबा बावडा, पंचगंगा घाट अशा ठिकाणी हे चालतं. नेमकी वेळ तुम्हाला कुठल्याही फलकावर मिळणार नाही, चहाच्या गाड्यावर विचारा. तयारी एवढीच: पांढरे कपडे नकोत, पोरांचा हात सोडायचा नाही आणि उभं राहायचं ते कुणाच्या तरी दारातल्या कट्ट्यावर चढून. रस्त्याच्या कडेला उभं राहून व्हिडिओ काढणारा माणूस म्हशीला दिसतोच असं नाही.

म्हशींचा विषय निघालाच आहे तर गंगावेशीतलं कट्ट्यावरचं दूध. म्हैस समोर उभी, धार तिथंच ग्लासात, वर फेस. गावातली तालमीची पोरं ते घटाघटा पितात. तुमच्या पोटाला सवय नसेल तर सरळ नको म्हणा किंवा तेच दूध विकत घेऊन उकळून प्या. कोजागिरीच्या रात्री आला असाल तर त्याचंच मसाला दूध होईल.

किरणोत्सवासाठी लागते ती चिकाटी आणि थोडं नशीब. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, पितळी उंबरा ओलांडून गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात. पण पश्चिमेला ढग आला, धुरकट हवा असली की किरणं वाटेतच विरतात, त्यामुळं हळहळत परतण्याचीही तयारी ठेवा. संध्याकाळी पाचच्या आधी देवळात पोचा. किरणांची वाट मोकळी ठेवलेली असते, तिच्यात घुसू नका. तीनही दिवस मुक्काम ठेवता आला तर उत्तम.

त्रिपुरीची तयारी आदल्या दिवशीपासून. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून पणत्या आणा. नवी पणती तेल पिते, म्हणून त्या दुपारी पाण्यात बुडवून वाळवा. वाती घरूनच तेलात भिजवून डब्यात भरा. काडेपेटीपेक्षा मेणबत्ती बरी; नदीच्या वाऱ्यात काड्या नुसत्या विझतात. पहाटे साडेचारपर्यंत पंचगंगा घाट गाठा. पायऱ्यांवर रांगोळ्या असतात, हजारो पणत्या लागलेल्या असतात आणि सांडलेल्या तेलानं दगड निसरडे झालेले असतात. रबरी तळव्याची चप्पल घाला. पोरींचे घोळदार, नायलॉनचे झगे घरी ठेवा. दिवे गुडघ्याच्या खालीच असतात. उजाडायच्या आत फोटो काढून घ्या, मग गर्दी नुसती सेल्फीची.

आणि मग दुपारी झोप काढा, कारण रात्री खिद्रापूर आहे. साठेक किलोमीटर लांब, कृष्णेकाठी. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाचं छत मध्यभागी गोल उघडं आहे आणि त्रिपुरीच्या मध्यरात्री चंद्र बरोबर त्या उघड्या भागावर येतो, खालची चंद्रशिला उजळते. शाल घ्या, बसायला सतरंजी घ्या, रात्री जेवूनच निघा. नृसिंहवाडी वाटेवरच आहे, बासुंदी जाताना घ्यायची, येताना दुकानं बंद. गाडी मात्र जपून चालवा. हे दिवस ऊसतोडीचे असतात. मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक पुढ्यात येतात. चालवणारा झोपलेला असला पाहिजे दुपारी, बाकीचे नसले तरी चालेल.

शेवटी गूळ. पाडव्याच्या मुहूर्तावर मार्केट यार्डात सौदे निघतात आणि त्या सुमाराला गुऱ्हाळंही जोरात असतात. पन्हाळा किंवा राधानगरी रस्त्याला चिपाडाचा धूर आणि गोड वास आला की गाडी थांबवा. आदण, म्हणजे रस उकळून झालेली काहिल, उतरायची वेळ विचारून मगच बसा. गुळव्या उकळत्या काहिलीतला पाक गार पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. तो मान हलवतो तेव्हाच काहिल उतरते, त्याआधी कुणाची घाई चालत नाही. खिशात शेंगदाणे असू द्या, वाफ्यातला गरम गूळ त्याबरोबर खायचा असतो. घ्यायचा तो तांबूस-गडद घ्या. पिवळाधमक दिसणाऱ्याच्या नादी लागू नका, तो रंग बऱ्याचदा पावडरीचा असतो. पैसे रोख ठेवा, रानात मोबाईलला रेंज असेलच असं नाही. काकवीसाठी घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बरणी घरूनच आणा. तोंडाशी प्लॅस्टिकचा कागद लावून झाकण पिळा आणि बरणी उभी ठेवा. आडवी पडली तर बॅगेतल्या कपड्यांना मुंग्या लागेपर्यंत कळत नाही. परतीचं तिकीट भाऊबीजेच्या आसपासचं असेल तर मात्र ते गुळाच्याही आधी काढा, त्या दिवसांत एसटीत उभं राहायलाही जागा नसते.