बर्नी सँडर्स यांच्या नागरी हक्कांच्या कार्याची बाजू कशी मांडावी

एखाद्या नेत्याने उभे आयुष्य नागरी हक्कांसाठी वेचले, असे म्हणणे सोपे असते. ते उलटतपासणीत टिकवणे अवघड. अमेरिकेचे सिनेटर बर्नी सँडर्स २०१६ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याविरुद्ध उभे होते, तेव्हा हा वाद टोकाला गेला. समर्थकांनी जिथे नुसती विशेषणे वापरली तिथे ते अडचणीत आले आणि जिथे कागद पुढे केला तिथे समोरच्याला माघार घ्यावी लागली. म्हणून बाजू मांडायला बसताना प्रचारातील मजकूर दूर ठेवावा आणि घटना ज्या काळातली आहे त्याच काळात तयार झालेला पुरावा आधी हाती घ्यावा.

सँडर्स यांच्याबाबत असा पुरावा शिकागोत मिळतो. विद्यापीठात शिकत असताना ते ‘काँग्रेस ऑफ रेशियल इक्वॅलिटी’ या वांशिक समतेसाठी लढणाऱ्या संघटनेच्या विद्यार्थी शाखेत काम करत होते. विद्यापीठाच्या मालकीच्या इमारतींत कृष्णवर्णीयांना भाड्याने घर मिळत नव्हते, आणि त्याच्या निषेधार्थ जानेवारी १९६२ मध्ये विद्यार्थ्यांनी विद्यापीठाचे अध्यक्ष जॉर्ज बीडल यांच्या कार्यालयापाशी धरणे धरले. त्यात सँडर्स पुढे होते. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्यांना अटक झाली. त्यामागचे कारण नीट समजावून सांगावे, कारण ‘आंदोलनात अटक’ एवढ्याने वाचकाला काहीच कळत नाही. कृष्णवर्णीय वस्त्यांतील शाळा गर्दीने ओसंडत होत्या. तरीही तिथल्या मुलांना गोऱ्यांच्या शाळांत न पाठवता फिरत्या वर्गखोल्यांत बसवण्याचे धोरण शहराचे शिक्षण अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी चालवले होते. लोक त्या खोल्यांना उपहासाने ‘विलिस वॅगन’ म्हणत. शहराच्या दक्षिण भागातील एंगलवूड येथे या खोल्यांविरुद्ध झालेल्या निदर्शनात २१ वर्षांच्या सँडर्स यांना पोलिसांनी पकडले, आणि अटकेला विरोध केल्याबद्दल त्यांना २५ डॉलर दंड झाला. ‘शिकागो ट्रिब्यून’च्या संग्रहात त्या अटकेचे छायाचित्र होते, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये पुढे आले. दंडाची ही रक्कम जरूर सांगावी. असा क्षुल्लक, रुक्ष तपशील कोणी प्रचारासाठी रचत नाही.

छायाचित्र वापरताना मात्र ते कोणी काढले, केव्हा काढले आणि त्याखालची ओळ कोणी लिहिली, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. धरण्याच्या वेळच्या एका छायाचित्रात विद्यार्थ्यांसमोर उभा असलेला तरुण सँडर्स नसून त्यांचा एक सहकारी आहे, असे काही माजी विद्यार्थ्यांनी सांगितले आणि विद्यापीठाच्या संग्रहाने त्याखालचे नाव बदललेही. समर्थकांनी कितीही आरडाओरडा केला असता तरी हा प्रश्न सुटला नसता. तो सुटला तो छायाचित्रकार डॅनी लायन यांच्यामुळे: त्यांनी त्याच प्रसंगी टिपलेली आणखी छायाचित्रे बाहेर काढली, आणि त्यांच्या आधारे नाव पुन्हा सँडर्स यांचे झाले.

विरोधात बोलणारी व्यक्ती चळवळीतलीच असेल तर अधिक संयम लागतो. चळवळीत आपण सँडर्स यांना कधी पाहिले नाही, असे जॉन लुईस फेब्रुवारी २०१६ मध्येच म्हणाले. लुईस १९६३ पासून तीन वर्षे ‘स्टुडंट नॉन-व्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष होते आणि १९६५ मध्ये अलाबामातील सेल्मा येथे त्यांनी पोलिसांच्या लाठ्या डोक्यावर झेलल्या होत्या. अशा माणसाच्या हेतूवर शंका घेणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय आपल्याच बाजूचे त्याने नुकसान होते. लुईस यांचे काम प्रामुख्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत होते आणि सँडर्स यांचे शिकागोत, त्यामुळे भेट न होणे आणि काम न करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे शांतपणे सांगणे पुरेसे होते. सँडर्स यांच्या सहभागावर शंका घेण्याचा आपला हेतू नव्हता, असा खुलासा लुईस यांनीही दोनच दिवसांत केला.

दाव्याचे माप पुराव्याएवढेच ठेवावे. नागरी हक्कांसाठीच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात सँडर्स होते, पण त्यांच्यासारखे लाखो लोक होते. तिथली हजेरी नेतृत्व म्हणून खपवू नये. खरी कसोटी लागते ती ‘आजीवन’ या शब्दाची. सँडर्स १९६८ मध्ये व्हरमाँट या बहुतांशी गोऱ्या राज्यात स्थायिक झाले आणि त्यानंतर त्यांच्या राजकारणाचा भर आर्थिक विषमतेवर राहिला. हे मोकळेपणाने मान्य करावे, कारण टीकाकार नेमके इथेच बोट ठेवतात. त्यापुढे मग दशकागणिक जे आहे ते मांडावे: बर्लिंग्टनचे महापौर असताना, स्वतः अपक्ष असूनही, १९८८ मध्ये त्यांनी जेसी जॅक्सन या कृष्णवर्णीय नेत्याच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीला पाठिंबा दिला, १९९६ मध्ये समलिंगी विवाहांना केंद्राची मान्यता नाकारणारे विधेयक प्रतिनिधीगृहात ३४२ विरुद्ध ६७ मतांनी मंजूर झाले, तेव्हा ते त्या ६७ जणांत होते.

अडचणीचे मतदान समोरच्याने काढण्याआधी आपणच काढावे. १९९४ च्या गुन्हेगारीविरोधी विधेयकाच्या बाजूने सँडर्स यांनी मत दिले, आणि कृष्णवर्णीयांच्या तुरुंगवासाची चर्चा निघाली की त्या कायद्याचे नाव निघतेच. त्यात महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या तरतुदी आणि लष्करी धर्तीच्या काही बंदुकांवरील बंदीही होती, आणि गुन्हेगारीचे मूळ दारिद्र्यात आहे असे ते सभागृहात सांगत होते, हा संदर्भ देता येतो. मत मात्र झाकता येत नाही आणि झाकूही नये.

जुनी कारकीर्द आजच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढे करणे ही मला यातली सर्वांत मोठी चूक वाटते. जुलै २०१५ मध्ये फिनिक्स येथील सभेत ‘ब्लॅक लाइव्हज मॅटर’ या कृष्णवर्णीयांच्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पोलिसी अत्याचारांबद्दल जाब विचारला, तेव्हा सँडर्स यांनी आपल्या पन्नास वर्षांच्या लढ्याचा दाखला दिला आणि सभा आणखीच बिथरली. ऑगस्टमध्ये सिएटल येथे त्यांच्याकडून ध्वनिक्षेपकच काढून घेण्यात आला. त्यानंतर त्यांच्या प्रचारयंत्रणेने वांशिक न्यायाचा स्वतंत्र कार्यक्रम प्रसिद्ध केला. बाजू मांडणाऱ्याने हाच क्रम आधीपासून पाळावा: प्रश्न आजचा असेल तर प्रथम त्या कार्यक्रमातील कलमे सांगावीत, आणि १९६३ चे छायाचित्र कोणी मागितले तरच दाखवावे.